लॉजचं वायफाय आणि नमुन्याच्या तीन सह्या

लॉजच्या मॅनेजरने वायफायचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. मावशीने ती चिठ्ठी आधी खिडकीपाशी नेली, उजेडासमोर धरली, उलटी करून मागची बाजू पाहिली आणि मग पर्समधून भिंग काढलं.

"अगं, पासवर्ड आहे तो," मी म्हटलं. "टाइप कर नुसता."

"या सातावर त्याचा हात थांबलाय. आधी एक होता, मग त्याला टोपी घालून सात केलाय. का केला?"

"चुकला असेल."

"असेलबिसेल नाही. तपासायचं."

पलंगावरून आईचा आवाज आला. "धाकटे, पासवर्ड बरोबर असला तर लागेल, चुकीचा असला तर नाही लागणार. त्याला भिंग कशाला?"

पासवर्ड लागला. पडद्याच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्ह उमटलं आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात एक ओळ आली: जोडलं आहे, इंटरनेट नाही.

मावशीने ती ओळ दोनदा वाचली. "बघितलंस? दार उघडलं, पण आत घेतलं नाही. हे कोणीतरी मुद्दाम केलंय."

तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तीन वाजता मावशीला साक्ष द्यायची होती.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. सरकारी दस्तऐवज तपासणीच्या कचेरीत एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या सह्या पाहिल्या. खरी कोणती, खोटी कोणती, गिरवलेली कोणती, हात धरून करवून घेतलेली कोणती. निवृत्त झाल्यावर हेच काम ती घरून करते. कॉलनीत तिला भिंगबाई म्हणतात, आणि तिला ते माहीत आहे, कारण तिच्या टपालपेटीवर कोणीतरी खडूने तसं लिहून ठेवलं होतं. ते कोणी लिहिलं हेही तिने दोन दिवसांत शोधून काढलं.

तिच्या सवयी सांगायच्या तर वेगळी वही घालावी लागेल. दुसऱ्याच्या पेनाने ती सही करत नाही. सही झाली की पुढे आडवी रेघ ओढते, म्हणजे मागाहून कोणी काही जोडू नये. वाण्याच्या यादीखालीसुद्धा रेघ असते, म्हणजे कोणी परस्पर साबण वाढवू नये. मीटर वाचायला माणूस आला की त्याच्याआधी ती आकडा लिहून ठेवते आणि मग दोन्ही आकडे जुळले तरी म्हणते, "आज जुळले."

या खेपेला आम्ही तिघी परगावी आलो होतो ते आईच्या डोळ्यासाठी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आदल्या दिवशी झाली होती. दवाखान्याच्या समोरच हा लॉज. पट्टी काढेपर्यंत दोन दिवस इथेच राहायचं, वाकायचं नाही, पडद्याकडे बघायचं नाही, असं डॉक्टरांनी आईला बजावलं होतं. म्हणून आई उताणी पडून होती, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मिटलेला, आणि दोन्ही कान टवकारलेले.

मावशीची साक्ष खरं तर पुढच्या आठवड्यात होती, आणि तिच्या तयारीसाठी म्हणून तिने लॅपटॉप सोबत आणला होता. पण काल संध्याकाळी वकिलांचा फोन आला. लवादाचे अध्यक्ष रजेवर चाललेत, सुनावणी अलीकडे घेतलीय, उद्या दुपारी तीन वाजता, व्हिडिओवर हजर राहिलात तरी चालेल.

"आणि नाही राहिले तर?" मावशीने विचारलं होतं.

"तर तुमचा अहवाल वाचलाच जाणार नाही. मागच्या वेळी तारीख आपणच पुढे ढकलून घेतली होती, मॅडम. आता परत मागायला तोंड नाही."

प्रकरण एका ग्रंथपालबाईंचं. एका संस्थेच्या ग्रंथालयात एकोणीस वर्षं नोकरी. एका सकाळी कामावर गेल्या तर त्यांच्या टेबलाशी दुसरीच मुलगी बसलेली. कार्यालयात विचारलं, तर म्हणाले, तुम्ही राजीनामा दिलात ना. आणि कागद दाखवला. कागदावर बाईंची सही. बाई म्हणतात, मी हा कागद जन्मात पाहिलेला नाही. संस्था म्हणते, सही तुमचीच आहे. मावशीचा अहवाल सोडला तर बाईंच्या बाजूने बोलणारं दुसरं काही नव्हतं.

मी म्हटलं, "माझ्या फोनवरून हजर राहा की. फायली फोनवर घेऊ."

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू तिला सही गिरवायला सांगितली. "पुराव्याच्या फायली मी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलवत नाही. हलवल्या की समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार, मध्ये कोणी हात लावला? सह्या मोठ्या करून याच लॅपटॉपवरून दाखवायच्यात. एवढा एक लॅपटॉप चालला पाहिजे, बास."

मग मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणजे पन्नाशीचा, ढगळ स्वेटरातला, चावीचा जुडगा बोटात फिरवणारा माणूस. त्याने स्वतःचा फोन काढून दाखवला. वायफाय चालू. माझा फोन पाहिला. चालू.

"बघा मॅडम, सगळ्यांचं चालतंय."

"सगळ्यांचं चालतंय आणि माझं नाही, याचा अर्थ काय होतो?"

"याचा अर्थ…" त्याने चावी फिरवायची थांबवली. "तुमचं चालत नाही, असाच होतो ना?"

"माझंच यंत्र अडवलंय का कोणी? तुमच्याकडे ती सोय असते. यादीतून एखाद्याला बाहेर ठेवायची."

"मॅडम, इथे लोक भाडं न देता गेले तर त्यांना बाहेर ठेवायची सोय नाही माझ्याकडे. वायफायचं कुठलं घेऊन बसलात?"

त्याने जाऊन पॅसेजमधला वायफायचा डबा बंद करून चालू केला. पाच मिनिटं सगळ्या मजल्यावरून "नेट गेलं का हो" असे आवाज आले, मग थांबले. मावशीच्या लॅपटॉपवर तीच ओळ. तिने लॅपटॉप बंद करून चालू केला. विमानाचं चिन्ह चुकून दाबलं गेलंय का ते पाहिलं. लॉजचं नाव यादीतून पुसून परत घातलं, पासवर्ड एकेक अक्षर मोठ्याने म्हणत टाइप केला, आणि शेवटच्या अक्षराला आवाज खाली आणला, कारण भिंतीपलीकडे कोणी ऐकत असेल. पॅसेजमध्ये डब्याखाली स्टूल टाकून बसून पाहिलं. काही नाही.

मॅनेजर निघाला तेव्हा तिने त्याला दारात गाठलं. "एक सांगा. आमची चौकशी केली का कोणी?"

"चौकशी म्हणजे… शेजारच्या खोलीतल्या साहेबांनी विचारलं, या किती दिवस आहेत म्हणून."

मावशी हळूच दार लावून आत आली. "ऐकलंस?"

"अगं, त्याला बाथरूमचं गरम पाणी कोणाला आधी मिळणार ते बघायचं असेल," आई म्हणाली.

"ताई, तू पट्टी बांधून पडलीयेस म्हणून तुला दिसत नाही."

"पट्टी मला आहे. दिसत तुला नाहीये."

पण तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. ठक. मग थोड्या वेळाने पुन्हा, जरा हलका, ठक. मग टिक. धातूवर धातू ठेवल्यासारखं काहीतरी. तिघी गप्प झालो. खरं सांगते, मलाही ते बरं वाटलं नाही. सकाळी जिन्यात तो माणूस भेटला होता. काळा कोट, हातात लहानशी पण इतकी जड पेटी की खांदा एका बाजूला कललेला. "कुठून आलात? कामाला आलात की दवाखान्यात?" असं त्यानेच आपणहून विचारलं होतं.

"संस्थेला काल संध्याकाळी कळलं असणार तारीख अलीकडे आल्याचं," मावशी कुजबुजली. "आज सकाळी हा हजर. शेजारची खोली. पेटीत यंत्र. आणि माझंच नेट बंद."

"आणि त्यांना आपण या लॉजात आहोत हे कोणी सांगितलं?" मी विचारलं.

हा प्रश्न मी विचारायला नको होता.

मावशीने आईच्या उशाजवळची चिकटपट्टी घेतली, एक तुकडा कापला आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर लावला. "माझ्या डोळ्याची पट्टी आहे ती," आई म्हणाली. "असू दे," मावशी म्हणाली.

मग मी माझ्या फोनचं नेट लॅपटॉपला देऊन पाहिलं. खोलीत रेंज एक काडी होती, म्हणून गॅलरीत गेलो, तिथे तीन काड्या. मी फोन कठड्यावर ठेवला, मावशीने लॅपटॉप मांडीवर घेतला. फोनचं नाव दिसलं, जोडलं, आणि खाली पुन्हा तीच ओळ. जोडलं आहे, इंटरनेट नाही.

मावशीने लॅपटॉप मिटला आणि माझ्याकडे वळली.

"काल मी ताईला घेऊन दवाखान्यात होते. दोन तास. तू खोलीत होतीस."

"हो."

"याला हात लावलास?"

"नाही."

"काही बघायचं म्हणून उघडला असशील. काही दाबलं गेलं असेल."

"मावशी, तुझा पासवर्ड मला माहीत नाही. तुझ्या सख्ख्या बहिणीलाही माहीत नाही."

"तुझ्या लहानपणी माझा टेपरेकॉर्डर कोणी उघडला होता?"

"मी सहा वर्षांची होते."

"वयाने सवय जात नाही."

मी आत आले. आईने हात पुढे केला, अंदाजाने, आणि माझं मनगट सापडल्यावर धरून ठेवलं. मग छताकडे तोंड करूनच ती बोलली, पण बोलणं गॅलरीतल्या बहिणीसाठी होतं.

"धाकटे, सकाळपासून मॅनेजर झाला, शेजारी झाला, आता पोरगी झाली. आता मी एकटी उरलेय. मी पण उठून लॅपटॉप बिघडवला म्हण, म्हणजे यादी पुरी होईल."

मावशी आत आली नाही. पावणेदोनला वकिलांचा फोन आला तेव्हा तिने तो गॅलरीतच घेतला. ती म्हणत होती, "प्रयत्न चालू आहे… नाही, अजून नाही… मला माहीत आहे." मग फोनवर दुसरं कोणीतरी आलं, आणि मावशीचा आवाज बदलला.

"बोला बाई… हो… रजिस्टर लवादाने मागवून घेतलं? चांगलं झालं… नाही, तुम्ही काही बोलू नका, विचारतील तेवढंच… काय?… हो. येणार. मी येणार."

फोन ठेवून ती आत आली आणि खुर्चीच्या टोकावर बसली. "बाई विचारत होत्या, डबा आणलाय, आता खाऊ की साक्ष झाल्यावर खाऊ. एकोणीस वर्षं नोकरी केलेली बाई. दोन घास खायचे तर मला विचारते."

मी उठले. मला तिचा राग आला होता, तो तसाच होता. पण मी उठून शेजारच्या खोलीचं दार वाजवलं.

दार उघडलं. कोट काढून ठेवला होता, बाह्या वर केल्या होत्या. पलंगावर फडकं पसरून त्यावर पितळेची वजनं ओळीने मांडली होती, किलोपासून ते नखाएवढ्या ग्रॅमपर्यंत. तो एकेक पुसून पेटीत ठेवत होता. ठक. टिक.

"मी काटे तपासतो," तो म्हणाला. "गोदामांतले, दुकानांतले. ही वजनं पुसल्याशिवाय नेता येत नाहीत, बोटाचा घामसुद्धा चढतो त्यांच्यावर. आवाजाचा त्रास झाला का?"

मी सगळं सांगितलं. संशयाचं सोडून.

"इथल्या नेटवर चालत नाही, आणि तुमच्या फोनच्या नेटवरही नाही?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग लॉजवर कशाला डाफरताय? एक काटा दोन वेगळ्या टेबलांवर ठेवला आणि दोन्हीकडे चुकला, तर टेबल तासत नाही आपण. काटा उघडतो."

त्याला घेऊन आमच्या दाराशी आले. मावशी उंबऱ्यात उभी राहिली, हात आडवा करून.

"आत नको. यंत्राला हात नको," ती म्हणाली.

"नाही लावत. सांगतो, तुम्ही करा."

"सांगू नका. लिहून द्या."

"लिहून?"

"काय काय करायचं ते क्रमाने. उद्या काही झालं तर कोणी काय सांगितलं याला कागद हवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्याने खिशातून पेन काढलं, पॅसेजमधल्या स्टुलावर कागद ठेवून लिहायला लागला. नेटवर्कची यादी उघडा. वायफायच्या नावावर राइट क्लिक. प्रॉपर्टीज. तिथे आयपी पत्त्याची ओळ. त्यात आकडे भरलेले आहेत की "आपोआप मिळवा" आहे, ते सांगा.

मावशीने कागद वाचला. "खाली सही करा."

"सही?"

"आणि नमुना म्हणून आणखी दोन. शेजारी शेजारी."

आतून आई म्हणाली, "करा हो. नाही तर बोटांचे ठसे मागेल."

त्याने मुकाट तीन सह्या केल्या. मग त्या पाहून जरासा ओशाळला. "तिन्ही वेगवेगळ्या आल्या की."

"वेगळ्या आल्या म्हणून तर तुमच्या," मावशी म्हणाली आणि शेवटच्या सहीपुढे तिने स्वतःच्या पेनाने आडवी रेघ ओढली. "माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करूच शकत नाही. तंतोतंत जुळली की समजायचं, गिरवलीय."

मग ती आत येऊन बसली आणि कागदावर बोट ठेवून एकेक पायरी करत गेली. मी तिच्या खांद्यामागे, तो उंबऱ्याबाहेर, आणि तेवढ्यात काय चाललंय ते बघायला मॅनेजरही चावी फिरवत आलेला. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"आकडे आहेत," मावशी म्हणाली.

"कुठले?"

तिने वाचून दाखवले. शेवटचा आकडा पन्नास.

"हे हाताने भरलेत," काटेवाला म्हणाला. "मूळचे नसतात. कोणीतरी बसून भरलेत."

"कोणीतरी," मावशी म्हणाली आणि भिंगाकडे हात गेला तिचा, सवयीने. "म्हणजे घुसलं कोणीतरी. मी म्हणतच होते."

आई पलंगावरून खुदकन हसली. ते हसू मला चांगलं ओळखीचं आहे.

"धाकटे, तुझ्या वरच्या मजल्यावरचे आठवतात का?"

"त्यांचं काय?"

"ते तुझं वायफाय चोरतात म्हणून तीन वर्षांपूर्वी मला रोज तासभर फोन करायचीस. मग त्या रिपेअरवाल्याला बोलावलंस. त्याच्याकडून स्वतःच्या लॅपटॉपला एक कायमचा नंबर घालून घेतलास, म्हणजे वायफायला जोडलेल्यांच्या यादीत तो नंबर तुझा, आणि बाकी दिसतील ते सगळे चोर. मला फोनवर सांगितलंस, पन्नास घातलाय, लक्षात राहायला सोपा. मी म्हटलं, पन्नास कसला, तुझं वय साठ आहे."

मावशीच्या मानेवर लाली चढली.

"यात बिघडलं काय पण?" मी विचारलं.

उत्तर मॅनेजरने दिलं. इतका वेळ ऐकून त्याला एकदम उमगलं होतं. "अहो, पाहुणा आला की खोली मी देतो. बावीस म्हणजे बावीस. तुमचा लॅपटॉप येऊन म्हणतोय, मी घरी पन्नास नंबरात राहतो, इथेही पन्नासच पाहिजे. माझ्याकडे खोल्याच चोवीस आहेत. बसलाय मग बाहेर बाकड्यावर."

"अगदी तसंच," काटेवाला म्हणाला. "तीन वर्षांत घराबाहेर नेला नव्हतात का?"

"नाही," मावशी म्हणाली. "बाहेर नेला की कोण काय करेल त्याचा नेम नसतो."

"तर आता ते आकडे काढा आणि 'आपोआप मिळवा' करा. म्हणजे जिथे जाल तिथला मालक देईल तो नंबर."

मावशीने हात कीबोर्डवर नेला आणि थांबवला. माझ्या लक्षात आलं ते तेव्हा. तिला आकडे पुसायचे नव्हते. ते पुसले की उद्या घरच्या यादीत स्वतःचं यंत्र कोणतं आणि चोराचं कोणतं, ते तिला कळणार नव्हतं. आणि इथे तिच्या यंत्राला कोणता नंबर द्यायचा ते चावी फिरवणारा हा स्वेटरातला माणूस ठरवणार होता, ज्याच्या सातावर तिने सकाळी भिंग धरलं होतं.

"दोन पस्तीस," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

"मावशी, बाईंचा डबा तसाच असेल."

तिने जुने आकडे आधी कागदावर उतरवून घेतले. खाली रेघ मारली. मग खूण केली, "ठीक" दाबलं. कोपऱ्यातलं चिन्ह एकदा मावळलं, परत उगवलं. खालची ओळ नुसती "जोडलं आहे" एवढीच उरली.

"आत घेतलं," मॅनेजर म्हणाला, स्वतःच खोली दिल्यासारखा.

मावशीने दोघांचे आभार मानले आणि दार लावून घेतलं. कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी सोलून आईच्या हातात दिली. माझ्याकडे पाहिलं. "टेपरेकॉर्डरचं मी मागे घेते," ती म्हणाली. "तो तूच उघडला होतास, पण आज ते बोलायचं कारण नव्हतं."

तीन वाजता पडद्यावर चौकोन उघडले. मध्ये अध्यक्ष, केस पांढरे, समोर कागदांचा ढीग. एका चौकोनात संस्थेचे वकील. दुसऱ्यात आमचे वकील, आणि त्यांच्या कोपराशी, अर्ध्याच दिसणाऱ्या, ग्रंथपालबाई.

"खोलीत आपल्यासोबत कोण आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझी थोरली बहीण, डोळ्यावर पट्टी आहे. आणि भाची. दोघींना तोंड उघडायचं नाही असं सांगितलंय."

"त्या ऐकतील?"

"भाची ऐकेल."

मावशीने दोन सह्या पडद्यावर आणल्या. डावीकडे राजीनाम्यावरची, उजवीकडे दोन वर्षांपूर्वीच्या पुस्तक-मोजणीच्या रजिस्टरातली. मग एक तांबडी केली, एक निळी, आणि एकीवर एक ठेवली. दोन रेघांची एकच रेघ झाली. कुठे केसाएवढी फट नाही.

"ही सही रजिस्टरातल्या सहीवरून गिरवली आहे," मावशी म्हणाली. "रेघ मध्ये मध्ये थांबलीय, पेन उचलून पुन्हा टेकवलाय, शाई साचलीय. चार जागी. अहवालातली आकृती सहा बघावी."

संस्थेचे वकील पुढे सरकले. "मॅडम, या बाई एकोणीस वर्षं रोज तीच सही करत होत्या. हात बसलेला माणूस. अगदी सारखी येऊ शकते."

मावशी त्यांच्याकडे पाहत नव्हती. "अध्यक्षमहोदय, आपणही बरीच वर्षं रोज सही करत असाल. आपल्यासमोर कोरा कागद असेल तर कृपा करून तीनदा करून पाहावी."

अध्यक्षांनी भुवई उचलली. मग खरंच पेन घेतलं. आम्हाला फक्त हात हलताना दिसला, एकदा, दोनदा, तीनदा. ते कागदाकडे बघत राहिले. संस्थेच्या वकिलांचाही खांदा हलत होता, टेबलाखाली ते काय करत होते ते सांगायला नको.

"पुढे," अध्यक्ष म्हणाले.

वकिलांनी दुसरी वाट धरली. "मॅडम, आपल्याला संशय घ्यायची सवय आहे, असं म्हटलं तर?"

"बरोबर म्हणाल."

"प्रत्येक कागदावर घेता?"

"कागदावर, माणसांवर, सगळ्यांवर."

"मग या सहीवर घेतलात यात विशेष काय? आपल्याला सगळंच खोटं दिसतं."

आमचे वकील काही बोलायला तोंड उघडत होते. ग्रंथपालबाईंचा दिसणारा अर्धा चेहरा ताठ झाला. पलंगावर आईने चादर मुठीत धरली.

"दिसत नाही, वाटतं," मावशी म्हणाली. "आज सकाळी माझा हा लॅपटॉप चालत नव्हता. मी लॉजच्या मॅनेजरवर संशय घेतला, शेजाऱ्यावर घेतला, भाचीवर घेतला. तिघंही निर्दोष होते. चूक माझ्याच हातची निघाली. संशय घ्यायला मला काही लागत नाही, वकीलसाहेब. पण अहवाल लिहायला मोजमाप लागतं. एकतीस वर्षांत ज्या कागदांवर मी संशय घेतला त्यांतले निम्म्याहून जास्त खरे निघाले, आणि मी ते खरे आहेत असंच लिहिलं. हा खोटा निघाला. संशयाबद्दल मला हवं तेवढं बोला. आकृती सहाबद्दल काही विचारायचं आहे का?"

वकिलांनी कागद चाळले. एकदा, परत एकदा. "नाही," ते म्हणाले.

"अहवाल नोंदीत घेतला आहे," अध्यक्ष म्हणाले. चौकोन एकेक करून मिटत गेले. शेवटचा आमच्या वकिलांचा होता. त्यात ग्रंथपालबाई वाकून पिशवीतून डबा काढताना दिसल्या.

मावशीने संध्याकाळी काटेवाल्याचं दार वाजवलं. काय बोलली ते मला कळलं नाही, पण परत आली तेव्हा म्हणाली, "त्याला सांगितलं, मी तुम्हाला संस्थेचा माणूस समजले होते. तो म्हणतो, दुकानदार मला रोजच कोणाचा ना कोणाचा माणूस समजतात."

घरी परतल्यावर अकराव्या दिवशी ग्रंथपालबाईंचा फोन आला. मी मावशीकडेच होते. आवाज इतका मोठा होता की मावशीला फोन कानापासून लांब धरावा लागला. अध्यक्षांनी रजेवर जाण्याआधीच राजीनामा बनावट ठरवला होता. सोमवारपासून कामावर घ्यावं, मधल्या काळाची नोकरी अखंड धरावी, असा आदेश हातात आला होता.

"छान," मावशी म्हणाली. "छान झालं, बाई… नाही, रडू नका. एक करा. आदेशावर सही आहे ना अध्यक्षांची? त्या पानाचा फोटो पाठवा मला."

फोटो आला. मावशीने तो मोठा केला. सही पाहिली, शिक्का पाहिला, तारीख पाहिली. परत सही पाहिली. पलीकडून ग्रंथपालबाईंचा नुसता श्वास ऐकू येत होता.

"खरी आहे," मावशी म्हणाली. "जा सोमवारी कामावर. आणि गेल्या गेल्या पहिलं काम, त्या मोजणीच्या रजिस्टराला कुलूप."